५ तारीख की ८ तारीख: ईदची सुट्टी सरकली आणि आमच्या गोडाऊनची झोप उडाली

हे प्रकरण सप्टेंबर २०२५ चं आहे. फर्मचं नाव देत नाही, माणसांचीही नाही, आणि आतले आकडे ओळख लागू नये म्हणून थोडे इकडेतिकडे केलेत. सुट्ट्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत, त्या कुणालाही कॅलेंडर काढून बघता येतील. मी तिथे ॲडमिन आणि एचआर दोन्ही बघते, म्हणजे चुका बऱ्याचशा माझ्याच आहेत, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

सर्जिकल मालाचं डिस्ट्रिब्युशन करतो आम्ही. डायलिसिसचं सामान, ग्लोव्हज, सिरिंज, ड्रेसिंग, ऑपरेशन थिएटरला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू. ऑफिस घाटकोपरला आणि गोडाऊन भिवंडीला, म्हणजे एक मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि एक ठाणे जिल्ह्यात. रोजच्या कामात या जिल्ह्याच्या हद्दीचा कधी विचारही येत नाही, पण या प्रकरणात सगळा घोळ त्या हद्दीनेच घातला.

माणसं एकूण ४१. गोडाऊनला २४, त्यात १३ मुसलमान, ८ हिंदू, ३ बौद्ध. ऑफिसात १७, त्यात तिघं मुसलमान, अकाउंटंट मॅडम मल्याळी, बिलिंगला वसईचा एक ख्रिश्चन मुलगा, बाकी आपले नेहमीचे गणपतीवाले. गोडाऊनचे सुपरवायझर चाचा गेली १५ वर्षं आहेत, मालकांना सगळे शेठ म्हणतात आणि मला ताई.

आता कायद्याचं थोडक्यात. सरकारची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी निघते ती निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ च्या कलम २५ खाली, ती सरकारी ऑफिसं आणि बँकांसाठी. २०२५ च्या यादीत २४ सुट्ट्या होत्या. ऐकायला भरपूर वाटतात, पण २६ जानेवारी, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम रविवारी गेले, पारशी नववर्ष १५ ऑगस्टलाच आलं आणि दसरा २ ऑक्टोबरलाच, म्हणजे सहा तिथेच गळाल्या. आमच्यासारख्या खाजगी आस्थापनांना ती यादी लागू नाही. आम्हाला लागू आहे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं आणि आस्थापना कायदा. त्यात वर्षाला ८ पगारी सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार पक्क्या आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या.

आमच्याकडे "आपसात ठरवायच्या" म्हणजे डिसेंबरच्या शेवटी शेठ, मी आणि चाचा चहा पीत बसतो आणि दहा मिनिटांत चार नावं लिहितो. २०२५ साठी लिहिलं: धुळवड, रमजान ईद, गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन. ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी यादीत नव्हतेच, पण त्यांच्यासाठी जुनी तोंडी अदलाबदल चालत आलेली. ईदला मुसलमान पोरं सुट्टीवर आणि बाकीचे गोडाऊन चालवणार, अनंत चतुर्दशीला उलटं. कागदावर काही नाही, पण कधी भांडण झालं नाही. चाचा अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे सुट्टीसाठी रजिस्टर लागत नाही. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अडचण कुठे आली

कॅलेंडरवर ईद-ए-मिलाद शुक्रवार ५ सप्टेंबर. शनिवारी ६ ला अनंत चतुर्दशी, रविवारी ७ ला साप्ताहिक सुट्टी. आमचा प्लॅन सोपा होता: शुक्रवारी हिंदू-बौद्ध पोरं काम करतील, शनिवारी मुसलमान पोरं, सोमवारी सगळे हजर.

आणि मग जेमतेम दोन दिवस आधी सरकारचा आदेश आला की मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत ईद-ए-मिलादची सुट्टी ५ ऐवजी सोमवारी ८ ला. विसर्जनाच्या गर्दीला लागून जुलूस नको म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनीच जुलूस ८ ला काढायचं ठरवलं होतं, दोन्हीकडे रस्ते तेच आणि बंदोबस्ताचे पोलीसही तेच, त्यामुळे त्यात चुकीचं काहीच नव्हतं, समंजसपणाच होता खरं तर. पण बाकीच्या जिल्ह्यांत सुट्टी ५ लाच राहिली. म्हणजे आमचं भिवंडीचं गोडाऊन ५ च्या हिशोबात आणि घाटकोपरचं ऑफिस ८ च्या.

इतकंच असतं तरी जमलं असतं. पण गोडाऊनच्या १३ मुसलमान पोरांपैकी सहा जण राहतात गोवंडी आणि कुर्ल्याला, बाकीचे भिवंडी-मुंब्र्याला. गोवंडीच्या पोराला घरच्या मोहल्ल्याचा जुलूस ८ चा, पण तो कामाला येतो ठाणे जिल्ह्यात, तिथे सुट्टी ५ ची. त्यात सरकारने सुट्टी सरकवली तरी रबी-उल-अव्वल महिन्याची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलादचा मूळ दिवस, काही सरकत नाही, त्यामुळे काहींना ५ लाच घरी असायचं होतं, काहींना जुलूससाठी ८ हवी होती आणि दोघांना दोन्ही हवे होते. चाचा वैतागून म्हणाले, "ताई, चाँद एक आणि सुट्ट्या दोन, मी कुणाला काय सांगू?"

तिकडे ऑफिसात वेगळंच. अकाउंटंट मॅडमनी बुधवारी हळूच विचारलं की शुक्रवारी रजा मिळेल का. मी म्हटलं ईद तर तुमच्याकडे नाही ना, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ५ तारखेला ओणम आहे. तिरुओणम, घरी सद्या करायची असते, केळीच्या पानावर वीसेक पदार्थ. सात वर्षं आमच्याकडे काम करतायत आणि मला ओणम नेमका कधी असतो हे माहीत नव्हतं. आणि पगार व्हायचा असतो ७ च्या आत, त्याची फाईल बनवतात त्याच.

हॉस्पिटलं तर कुणाच्याच सणाला बंद नसतात. डायलिसिसच्या पेशंटला आठवड्यात दोन-तीनदा मशीनवर बसावंच लागतं, ईद असो की विसर्जन.

काय काय पर्याय होते

बुधवारी रात्री शेठ, चाचा आणि मी फोनवर. चार गोष्टी समोर आल्या.

पहिली, जिथे काम तिथली सुट्टी. गोडाऊन ५, ऑफिस ८. कागदावर सगळ्यात स्वच्छ, शेठना हीच आवडली. पण गोवंडी-कुर्ल्याच्या सहा पोरांची ईद यात कामावर जात होती, आणि त्यांनी ८ ला दांडी मारली असती हे चाचांनी तिथल्या तिथे सांगितलं, राग म्हणून नाही, अगदी सहज.

दुसरी, सगळी फर्म ५ लाच धरायची आणि ८ ला सगळ्यांनी यायचं. मग ऑफिसातल्या तिघांना त्यांच्या सरकारी सुट्टीच्या दिवशी बोलवायचं, आणि ८ ला मुंबईत बँका बंद म्हणजे अकाउंटचं निम्मं काम तसंही ठप्प.

तिसरी, दोन्ही दिवस बंद. शेठ एक मिनिट गप्प बसले आणि म्हणाले, मग ५ ते ८ चार दिवस हॉस्पिटलला काय मी स्वतः स्कूटरवर माल देऊ? विषय संपला.

चौथी, ज्याने त्याने ५ किंवा ८ यातला एक दिवस निवडायचा, गोडाऊनला कमीत कमी १० माणसं हवीत एवढीच अट. दोन्ही हवे असतील तर दुसरा दिवस किरकोळ रजेतून. हे मीच सुचवलं होतं. चाचांना पटलं, शेठ म्हणाले ट्राय करू. मला अजूनही वाटतं की निर्णय बरोबर होता, तो राबवला मात्र आम्ही कसातरी.

प्रत्यक्षात काय केलं

गुरुवारी सकाळी मी गोडाऊनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला. ५ की ८, दुपारी १२ पर्यंत उत्तर द्या. पहिली चूक इथे. पोलमध्ये सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसतात. आधी भिवंडीच्या पोरांनी धडाधड ५ दाबलं, मग गोवंडीच्या दोघांनी ८ दाबून परत ५ केलं, एकाने काहीच दाबलं नाही. सण कधी करायचा हा घरचा प्रश्न, तो मी चोवीस जणांसमोर मतदानाला लावला होता, त्यात ज्यांचा या सणाशी संबंध नाही अशी अकरा माणसंही ग्रुपमध्ये. चाचांनी फोन करून सांगितलं, ताई ते काढून टाका, मी एकेकाशी बोलतो. त्यांनी बोलून जो हिशोब दिला तो असा: ७ जण ५ ला, ४ जण ८ ला, दोघं दोन्ही दिवस. म्हणजे ५ ला ९ कमी आणि ८ ला ६ कमी. दोन्ही दिवस १० च्या वर माणसं, मी खुश.

पगाराचं वेगळंच नाट्य. शेठचं डोक्यात पक्कं की बँकेला सुट्टी म्हणजे पगार जात नाही, म्हणून मॅडमना शुक्रवारी सुट्टी देता येणार नाही. आता एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाईन पैसे पाठवायची सोय, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सगळे दिवस चालू आहे, शाखा बंद असल्या तरी. मॅडमनी गुरुवारी संध्याकाळी सातला फाईल चढवली, शेठनी मोबाईलवरून अप्रूव्ह केली, सगळ्यांचे पगार त्याच रात्री. मॅडम शुक्रवारी घरी. रात्री फोटो आला पानाचा, मी नुसती बघत बसले.

चेकचं मात्र फसलं. काही नर्सिंग होम अजून चेकच देतात. त्यांच्या अकाउंटवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की शुक्रवारी बँक बंद, चेक सोमवारी घेऊन जा. आदेश बदलल्यावर शुक्रवारी बँक चालू आणि सोमवारी बंद. रिझर्व्ह बँकेनेसुद्धा सरकारी रोखे आणि परकीय चलनाच्या बाजाराची सुट्टी ५ वरून ८ ला नेली, शेअर बाजार मात्र दोन्ही दिवस चालू, म्हणजे कुणी कुणाला विचारून कामाला लागावं अशी सोय नव्हती. आमच्या वसुलीवाल्या मुलाने शुक्रवारी कुठेच फोन केला नाही कारण त्याच्या डोक्यात जुनीच यादी. ते चेक हातात आले मंगळवारी ९ ला. ओव्हरड्राफ्टचं चार दिवसांचं व्याज जास्त पडलं, फार नाही, पण शेठ अजून आठवण काढतात.

मालाचं बोलायचं तर गुरुवारी रात्री उशिरापर्यंत थांबून डायलिसिस सेंटरांचा चार दिवसांचा माल आधीच पाठवायचं ठरवलं. सगळ्यांनी घेतला नाही, छोट्या सेंटरांकडे ठेवायला जागाच नसते. शनिवारी विसर्जनामुळे मुंबईत मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून छोटे टेम्पो पहाटे काढले आणि नऊच्या आत सगळे परत. हा दिवस एकदम सुरळीत गेला, मुसलमान पोरांनी ओढून नेला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवारी काय झालं

माझ्या कागदावर सोमवारी १८ माणसं होती. आली १३. पाच पोरांनी सकाळी मेसेज टाकला, ताप, घसा, पाय सुजलेत. खरंच असतील सुजले, शनिवारची रात्र रस्त्यावर नाचून, रविवार मंडळाच्या मांडवाची आवराआवर, आणि त्या वर्षी लालबागचा राजा पाण्यात जायलाच रविवारची रात्र झाली, तोवर अर्धी मुंबई जागीच होती. अनंत चतुर्दशीनंतरच्या कामाच्या दिवशी माणसं गळतात हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. तरी मी ते हिशोबात धरलं नाही, कारण माझं सगळं लक्ष ईदकडे.

तरी १३ म्हणजे १० च्या वरच ना. पण डायलिसिसच्या रॅकवरून माल काढणारी पोरं दोनच आहेत, कुठल्या मशीनला कुठली ट्युबिंग बसते हे त्यांनाच पाठ. आणि त्या दोघांनी नेमकी ८ निवडलेली. पूर्व उपनगराच्या रूटचा ड्रायव्हरही गोवंडीचा, तोही सुट्टीवर. मी डोकी मोजली होती, कुणाला काय येतं ते मोजलंच नव्हतं.

सकाळी साडेदहाला एका डायलिसिस सेंटरचा फोन. गुरुवारी जागा नाही म्हणून जास्त माल घेतला नव्हता, आता दुपारच्या शिफ्टला ट्युबिंग कमी. गोडाऊनमध्ये माल होता, पण बदली पोराने चुकीच्या साईजचे बॉक्स भरले, ते सेंटरला पोचल्यावर कळलं. परत गाडी काढली तर जुलूससाठी रस्ते वळवलेले आणि बदली ड्रायव्हरला त्या भागातल्या गल्ल्या माहीत नाहीत. शेवटी सुट्टीवरच्या ड्रायव्हरला फोन केला, त्याने जुलूसमधून बाहेर येऊन, मागे ढोल-ताशा आणि नारे चालू, दहा मिनिटं फोनवर रस्ता सांगितला. दरम्यान मी जवळच्या दुसऱ्या सेंटरकडून आठ सेट उसने मागून दिले. दुपारची शिफ्ट दीड तास उशिरा सुरू झाली. कुणाचं डायलिसिस चुकलं नाही. पण त्या खुर्च्यांवर वाट बघत बसलेली माणसं मी नंतर जाऊन पाहिली, सुट्टीचं गणित चुकलं हे त्यांना काय सांगणार.

जे तिन्ही दिवस आले त्यांना बदली सुट्टी देऊ असं चाचांनी तोंडी सांगितलं होतं. ते कुठे लिहिलं नाही. नोव्हेंबरमध्ये तिघांनी मागितली तेव्हा कुणाच्या किती यावरून वाद, कारण प्रत्येकाची आठवण वेगळी.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट, हा घोळ अचानक आलेला नव्हताच. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले की सरकारने ऐनवेळी आदेश काढला, आम्ही काय करणार. मग दिवाळीच्या सुट्टीत जुनी कॅलेंडरं काढून बसले. २०२३ ला ईद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला, सुट्टी २९ ला नेली. २०२४ ला ईद १६ ला, अनंत चतुर्दशी १७ ला, मुंबईत सुट्टी १८ ला. २०२५ तिसरं वर्ष. आणि का होतं हे पंचांगात सरळ दिसतं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतं. आपलं चांद्र वर्षही तेवढंच मागे येतं, पण आपण अधिक महिना घालून ते परत पुढे ढकलतो. २०२३ ला अधिक श्रावण झाला, पुढचा अधिक महिना थेट २०२६ चा ज्येष्ठ. मधल्या तीन वर्षांत भाद्रपद आणि रबी-उल-अव्वल हातात हात घालून चालले, एकाची शुद्ध चतुर्दशी आणि दुसऱ्याची १२ तारीख, चंद्र एकच, मग टक्कर होणारच. जानेवारीतच पेन्सिलीने लिहून ठेवता आलं असतं की मुंबईत ही सुट्टी सरकू शकते. गंमत म्हणजे मुंबईच्या सरकारी ऑफिसांचीही त्या वर्षी अशीच फिरवाफिरवी झाली, अनंत चतुर्दशी शनिवारी आली म्हणून स्थानिक सुट्टी गौरी विसर्जनाला २ सप्टेंबरला दिली. म्हणजे सुट्टी सरकते हे सगळ्यांना दिसत होतं, मीच यादी दगडावर कोरल्यासारखी धरून बसले.

दुसरं, चहावर ठरलेली यादी. तिघांच्या चहात तिघांचेच सण आठवतात. हे मला कळलं ते एका वेगळ्याच प्रसंगाने. सप्टेंबरचे ते तिन्ही दिवस न कुरकुरता आलेला एक लोडर आहे, बौद्ध, फार बोलत नाही. बदली सुट्टीचा वाद चालू असताना मी त्याला विचारलं तुला कधी हवी, तर म्हणाला, १४ एप्रिलला द्याल का, सहा वर्षांत मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही, मी दरवर्षी रजा टाकतो आणि पगार कापून घेतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ईद आणि गणपतीची अदलाबदल इतकी छान चालली होती, आणि त्या दोन्ही दिवसांना गोडाऊन चालवणारा तिसरा माणूस आम्हाला दिसतच नव्हता.

२०२६ ची यादी म्हणून वेगळी केली. राष्ट्रीय चार पक्क्या. उरलेल्या चारपैकी दोन सगळ्यांना एकत्र, गणेश चतुर्थी आणि रमजान ईद, आणि दोन ज्याच्या त्याच्या पसंतीच्या, डिसेंबरमध्ये चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायच्या, ग्रुपवर नाही. लेबर कन्सल्टंटला दाखवून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चंद्रावरच्या सणांना तारखेपुढे "एक दिवस मागेपुढे" असं लिहिलंय. लक्ष्मीपूजन यंदा रविवारीच येतंय म्हणून ते वाचलं. शेठची कुरकुर होती की अशाने प्रत्येक दिवशी कुणीतरी गैरहजर असणार, आणि ती चूक नाही, एप्रिल-मेमध्ये थोडी ओढाताण होणार आहे. डायलिसिस रॅकवर आता चार पोरं तयार करतोय, दोन भिवंडीची आणि दोन मुंबईची, अजून दोघंच पक्के झालेत.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मॅडमनी ओणम लिहिला होता, वसईच्या मुलाने गुड फ्रायडे आणि स्वतःच्या गावच्या चर्चचं फेस्त, त्या लोडरने १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर. ६ डिसेंबर यंदा रविवारी आहे हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, मग ताई ५ ला द्या, आदल्या रात्रीच रांगेत उभं राहावं लागतं. चाचांची चिठ्ठी कोरी होती. विचारलं तर म्हणाले, मला आधीच्या दोन बदली सुट्ट्या येणं आहेत, त्या आधी द्या. रजिस्टरमध्ये शोधल्या, नोंद सापडली नाही. दिल्या.